टेबलावरचा सह्याद्री: घरच्या घरी टेरेन आणि मिनिएचर्स

बुरूजबंद

आमचा ग्रुप डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळतो. आतापर्यंत चौकटीच्या कागदावर पेनाने रेघा ओढून भागत होतं. नवी मोहीम मात्र घाटमाथ्यावर आहे: कडे, घळी, एक पडका गड आणि खाली कोकण. अशा जागी 'कडा साठ फूट उंच आहे' असं नुसतं तोंडाने सांगितलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा कडा उभा राहतो, आणि मग बाण पोचतो की नाही यावर अर्धा तास भांडण. म्हणून टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायचा छोटा भूभाग, करायला घेतलंय.

धागा काढायचं कारण म्हणजे इंग्रजी व्हिडिओत सांगितलेलं निम्मं सामान इथे मिळत नाही, आणि मिळालं तरी किंमत बघून हात आखडतो. पण ज्याने लहानपणी दिवाळीत किल्ला केलाय त्याला यातलं बरंचसं काम येतंच. विटा रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, ते वाळलं की डोंगर तयार. रेल्वेची मॉडेलं करणारे परदेशी लोक हेच प्लॅस्टरच्या बँडेजने करतात. ते बँडेज आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात मिळतं, हाड मोडल्यावर घालतात तेच.

आधी माप. एक चौकट म्हणजे एक इंच, एक इंच म्हणजे खेळातले पाच फूट. प्रमाण झालं १:६०. २८ मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिनिएचर्स, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, याच्या आसपास बसतात. या हिशेबाने साठ फुटी कडा टेबलावर बरोबर एक फूट येतो आणि हजार फुटी कडा सोळा फूट आठ इंच. एवढी उंची आमच्या हॉललाही नाही. तेव्हा आडवं माप खरं ठेवायचं, उभं माप सोयीचं.

पायऱ्यांचंही तेच. खरी पायरी या मापात जेमतेम तीन मिमीची होते, आणि मूर्तीची बैठक असते २५ मिमी. म्हणजे खऱ्या मापाच्या पायऱ्यांवर एकही वीर उभा राहणार नाही, सगळे घरंगळत खाली. म्हणून पायरी एक इंच खोल आणि पाव इंच उंच. दिसायला थोडी राक्षसी दिसते, पण खेळता येतं.

आता दगड. व्हिडिओतले डोंगर आल्प्सछाप असतात, टोकदार आणि राखाडी. आपला सह्याद्री थरांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत गेले. कठीण बेसाल्ट उभा कडा होऊन राहतो, मधले मऊ थर झिजून पायरी पडते. फोमचे तुकडे एकावर एक चिकटवून काम करणाऱ्याला याहून सोपा डोंगर मिळायचा नाही! इंचभर जाडीचे फलक घ्या, प्रत्येकाची कड वेगळी तोडा, खालून वर रचा. चाकूने कड कापण्यापेक्षा हाताने मोडलेली बरी दिसते. अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला बोळा कडेवर दाबत फिरवला की दगडाचा पोत उमटतो. दोन थरांच्या मध्ये कुठेतरी बोटभर लांबीची विटकरी रेघ ओढा. घाटात रस्त्याच्या कापात दिसते तीच लाल माती, लाव्हाच्या दोन थरांमधली. ती रेघ आली की बघणारा लगेच 'हा वरंधा का?' असं विचारतो.

रंग: नुसता काळा-पांढरा मिसळलेला राखाडी वापरू नका, सिमेंट दिसतं. काळ्यात तपकिरी घालून पहिला हात. मग ब्रशवर फिकट मातकट रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसायचा आणि उरलेला कोरडा ब्रश कडांवरून ओझरता फिरवायचा. उंचवट्यांनाच रंग लागतो. शेवटी अगदी पातळ काळपट पाणी खाचांत सोडायचं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर पाणी थेंबाथेंबाने वरच बसून राहतं.

मला विचारायचंय ते असं: (१) गवत-झाडोरा स्वस्तात कसा करता? (२) मूर्ती स्वतः घडवलेल्या कुणी आहेत का इथे? (३) हे सगळं ठेवायचं कुठे? घरून तिसऱ्या प्रश्नावर अंतिम इशारा मिळालाय.

पुठ्ठेबहाद्दर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पण फोटो कुठायत राव? टेरेनचा धागा आणि फोटो नाही म्हणजे काय!

फोम हाती लागेपर्यंत थांबू नका, पुठ्ठा घ्या. फ्रिज-टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा पाण्याने किंचित ओला केला की वरचा कागद सोलून निघतो आणि आतल्या उभ्या नळ्या दिसतात. त्याचं कौलारू छप्पर फर्स्ट क्लास होतं. पट्ट्या कापून एकावर एक चढवल्या की मंगलोरी कौलं. विटकरी रंग, त्यावर काळपट पाणी, एका कोपऱ्यात शेवाळी हिरवा.

तटासाठी दगडांमधल्या सांध्यांत चुना भरत बसू नका. पुठ्ठ्याचे छोटे चौकोन कापून सांधे चुकवत चिकटवा. जांभ्याचा तट हवा असेल (कोकणातला गड असेल तर हवाच) तर फोमवर भांडी घासायची तारेची घासणी दाबा. जांभ्याची भोकं तशीच्या तशी येतात.

मखरदादा

आमचं सजावटीचं काम आहे, गणपतीच्या मखरांचं. पूर्वी सगळं थर्माकोल. २०१८ ची बंदी आली तेव्हापासून पुठ्ठा, कापड, कागद. तुमच्या धाग्यात कुणी नवीन थर्माकोल विकत घ्यायला सांगायच्या आत मीच सांगतो: घेऊ नका. मिक्सर-टीव्हीच्या खोक्यातला आधीच घरात पडलेला असतो, तो कचऱ्यात जाण्याऐवजी डोंगराच्या पोटात जाऊ दे. वरून दिसत नाही, वजन नाही.

पण वरची कड थर्माकोलची ठेवू नका. त्याचे दाणे सुटतात, कोरीव काम होत नाही. त्यासाठी एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोम. गच्चीच्या उष्णतारोधनाला आणि कोल्ड स्टोरेजला वापरतात. ही कामं करणाऱ्या कंत्राटदाराकडे तुकडे पडलेले असतात, गोड बोलून मागा. तेही नसेल तर आर्किटेक्चरची मुलं वापरतात तो सनबोर्ड. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटवर चौकशी करा.

तीन गोष्टी पाटीवर लिहून ठेवा.

स्प्रे पेंट थेट फोमवर मारायचा नाही. त्यातला द्रावक फोम खातो, डोळ्यांदेखत डोंगराला खड्डे पडतात. आधी फेविकॉल, पाणी आणि काळा अॅक्रिलिक रंग एकत्र करून दोन हात द्या. तेच प्रायमर आणि तेच कवच. त्यावरही पुढचे रंग ब्रशनेच लावलेले बरे.

कटरचं पातं ताजं हवं. फोम फाटतो तो पातं बोथट असतं म्हणून. पातं पूर्ण बाहेर काढून, तिरकं धरून, लांब ओढत कापा. वरून दाबू नका.

गरम तारेने कापत असाल तर खिडकी उघडी आणि पंखा धूर बाहेर फेकेल असा. वास आला तर समजा तार जास्त तापली आहे. तार नुसती सरकली पाहिजे, जळता कामा नये. पोरं शेजारी बसवू नका.

कट्ट्यावरचा डीएम

हलकेच घ्या, पण मला हा सगळा उद्योग थोडा जास्त वाटतो. बरीच वर्षं खेळवतोय. चांगलं वर्णन केलं की नकाशाही लागत नाही. आणि टेरेनचा एक तोटा कुणी बोलत नाही: जे टेबलावर बांधलं तेवढंच जग उरतं. तुम्ही गड बांधला की खेळाडूंना गडावरच जावं लागणार. एखाद्याने म्हटलं 'आपण गडाला वळसा घालून जंगलातून जाऊ' तर डीएमचं (खेळ चालवणाऱ्याचं) तोंड बघण्यासारखं होतं, कारण आठवडाभर फोम कापलेला असतो.

दुसरं, भिंती. पूर्ण उंचीच्या भिंतींचं तळघर फोटोत छान दिसतं. खेळताना इंचभर रुंद बोळात हात जात नाही. समोर बसलेल्याला काही दिसत नाही, सगळे उभे राहून खेळतात आणि कुणाचा तरी चहा कलंडतो.

बुरूजबंद

@कट्ट्यावरचा डीएम, भिंतींबद्दल शंभर टक्के मान्य. आतल्या खोल्यांच्या भिंती मी अर्धा इंच ठेवल्यात. खोली कुठे संपते ते कळलं की पुरे. फक्त बाहेरचा तट उंच, कारण तिथे उंचीवरच खेळ आहे: कोण वर, कोण खाली, कोण चर्येच्या (तटावरच्या दातेरी कठड्याच्या) आड.

पहिल्या मुद्द्यावर थोडा वाद घालतो. मी गड बांधत नाही, तुकडे बांधतोय. सहा बाय सहा इंचाचे कड्याचे तुकडे, दोन बुरूज, चार तटाचे सरळ भाग, दोन कोपरे, एक दरवाजा. आज गड, पुढच्या वेळी हेच तुकडे उलटसुलट लावून घळ. खेळाडू जंगलात गेले तर जंगल.

आणि काही जागा तोंडाने सांगून कळतच नाहीत. उदाहरणार्थ गोमुखी दरवाजा. रायगडाच्या महादरवाज्याला दोन थोराड बुरूज आहेत, एक ७५ फुटी आणि दुसरा ६५ फुटी असं सांगतात. दोन्ही एकमेकांना कवेत घेतल्यासारखे वळलेले. दरवाजा समोरून दिसतच नाही. वाट बुरुजाला वळसा घालून आत शिरते, म्हणून शत्रूला तोफ रोखता येत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही, आणि आत शिरलेल्यांवर दोन्ही बाजूंनी वरून मारा. आमच्या टेबलावर मी बुरूज सव्वा फुटाऐवजी सात इंचांचे केले आणि वाट दोन इंच रुंद. त्यातून दोनच जण शेजारी शेजारी चालू शकतात. तटात जंग्या (मारा करायची भोकं) पाडताना पेन्सिलचं टोक वरून खाली तिरकं घुसवायचं, कारण खऱ्या जंग्यांचाही रोख खाली असतो. परवा नुसतं मांडून बघितलं, तर आमच्यातली एक खेळाडू काही न सांगता म्हणाली, 'इथे ढाल घेतलेला पुढे आणि धनुर्धारी मागे ठेवून उपयोग नाही, मागचाच आधी मरेल.' हे तिला मी वर्णन करून कधीच पटवू शकलो नसतो.

राईनकाठी

जर्मनीतून लिहितोय. इकडे बांधकाम साहित्याच्या दुकानात एक्सपीएसचे फलक ढिगाने मिळतात, त्यामुळे माझी अडचण उलटी आहे: सामान आहे, जागा नाही.

थोडं अवांतर. टेबलावर तुकड्या-तुकड्यांचा भूभाग मांडायची कल्पना डी अँड डीच्या फार आधीची. १८१२ मध्ये फॉन राइसवित्झ नावाच्या प्रशियन माणसाने राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला युद्धखेळाचं एक टेबल भेट दिलं. त्यावर नद्या, रस्ते, डोंगर यांच्या चौकोनी फरशा हव्या तशा लावता यायच्या. त्याच्या मुलाने पुढे १८२४ मध्ये ते सोडून सरळ कागदी नकाशावरचा खेळ काढला, आणि सैन्याने उचलला तो कागदी! म्हणजे कट्ट्यावरच्या डीएमची बाजू दोनशे वर्षांपूर्वीच जिंकून गेली आहे :)

१९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले. त्यात घरं-टेकड्या म्हणून मुलांचे लाकडी ठोकळे आणि घरातल्याच वस्तू. शिपाई पाडायला स्प्रिंगची खेळण्यातली तोफ, खरोखर गोळी उडवणारी.

तिरपागडा

इतिहास वाचून दंडवत. त्यात माझी भर: डी अँड डीतले रस्ट मॉन्स्टर, बुलेट आणि आऊलबेअर हे तिन्ही राक्षस गॅरी गायगॅक्सच्या (डी अँड डीच्या एका जनकाच्या) हाँगकाँगी स्वस्त प्लॅस्टिक प्राण्यांच्या पाकिटातून आले. 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून विकायचे, पण त्यातले काही कशासारखेच दिसत नव्हते. मूर्ती आधी, राक्षस नंतर. तेव्हा जत्रेतून आणलेलं वेडंवाकडं प्लॅस्टिकचं जनावर फेकू नका. काळा रंग, ड्रायब्रश, झाला राक्षस.

पण दिवाळीच्या बाजारातले मातीचे मावळे २८ मिमीच्या शेजारी ठेवू नका, दुप्पट-तिप्पट उंच दिसतात. तसेही दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बालेकिल्ल्यापेक्षा मोठे असतातच, तिथे ते शोभतं. टेबलावर नाही शोभत.

मृण्मयी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, जरा मोठं होईल. माझं माहेर पेणचं, घरात गणपतीचा कारखाना, त्यामुळे माती हातात लहानपणापासून. पण शाडूने २८ मिमीची मूर्ती करायला जाऊ नका. वाळताना आक्रसते, आणि तलवार तर ब्रश लागला तरी तुटते. पीओपीची तलवारही तशीच तुटते. एवढ्या लहान कामाला एपॉक्सीच हवी.

एम-सील सगळ्यांना माहीत आहे: दोन भाग सारखे घ्यायचे आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे. पण ते लवकर घट्ट होतं आणि पोत रवाळ. आतल्या धडासाठी ठीक. वरच्या कामाला भित्तिचित्रांची एपॉक्सी माती घ्या, शिल्पकार किंवा मोल्डइट नावाने स्टेशनरीच्या दुकानात असते. ती जरा सवड देते आणि माझ्या हाताला मऊ लागते. मळताना हातमोजे घाला, कातडीला खाज येते काहींच्या.

सांगाडा तांब्याच्या पातळ तारेचा. वायरीचं वरचं आवरण सोलून आतली तार काढा, दोन पेड पिळून पाय, वर धड, आडवी एक तार हातांची. पायांखाली इंचभर तार जास्त ठेवा, ती बुचात खोचली की मूर्ती धरायला दांडा मिळतो. तारेवर आधी पातळ थर द्या आणि तो पूर्ण कडक होऊ द्या. सगळं एकाच बैठकीत करायला गेलं की चेहरा करताना पाय दबतो. आधी धड, दुसऱ्या दिवशी कपडे, मग डोकं आणि हत्यारं.

डोकं आणि पंजे मुद्दाम थोडे मोठे. खरं प्रमाण ठेवलं तर हातभर अंतरावरून काहीच कळत नाही. डोळे कोरू नका, नुसता भुवईखाली खोलगट दाब द्या, सावली पडते ती पुरते. हत्यार म्हणून मी शिवणाची बोथट सुई आणि दाताडं घासून काढलेला जुना कंगवा वापरते. सुई सारखी पाण्यात बुडवायची, म्हणजे माती चिकटत नाही.

आपल्याकडची माणसं करायला एक फायदा आहे, केस करावे लागत नाहीत. पागोटं करा. मातीच्या शेवया वळायच्या, अगदी दोऱ्याएवढ्या, दोन शेवया एकमेकींत पिळायच्या आणि डोक्याभोवती तिरक्या गुंडाळायच्या. शेवटचं टोक मागे मोकळं सोडायचं. मग सुईने प्रत्येक पिळावर एक-एक चुणी. बघणाऱ्याला वाटतं फार कसब आहे, खरं तर चेहऱ्याच्या निम्म्याने सोपं. ढालीला टिचबटणाचा एक भाग चिकटवा, मधला उंचवटा आयता मिळतो. भाला म्हणजे सरळ केलेली पेपरक्लिप. तलवारीसाठी तार हातोडीने चेपा आणि कानशीने धार द्या.

एकाच शिपायाच्या पुष्कळ प्रती हव्या असतील तर साचा. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन सीलंट घ्या, व्हिनेगरसारखा वास येतो ते. कॉर्नफ्लोरमध्ये घोळून पिठासारखं मळा आणि मूर्तीवर दाबा. थोड्या वेळात रबर होतं. त्यात एपॉक्सी माती दाबून अर्धी बाजू निघते. हे स्वतः घडवलेल्या मूर्तीचंच करा. दुसऱ्याची विकतची मूर्ती साच्यात घालून वाटणं ही चोरी आहे, आमच्या धंद्यात यावरून भाऊबंदकी झालेली बघितली आहे.

नवशिका वीस

ताई, जबरदस्त. पण मी हॉस्टेलवर राहतो, महिन्याच्या शेवटी वडापावचे वांधे. कमीत कमी पैशात काय करता येईल?

पुठ्ठेबहाद्दर

@नवशिका वीस, कागदी मूर्ती. जाड कागदावर चित्राच्या दोन बाजू छाप, एक सरळ आणि एक उलटी, मधून घडी घालून चिकटव. बाहेरून काळी कड ठेव आणि कापताना त्या काळ्यातच काप, पांढरा किनारा दिसत नाही. स्वतः काढता येत असेल तर उत्तमच. बैठकीला २५ मिमीचा पत्र्याचा वॉशर, हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतो. वजन खाली राहतं, पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही. दोन रुपयांचं २०११ च्या मालिकेतलं नाणंही २५ मिमीच आहे, पण नाणी चिकटवत बसू नकोस, महिन्याअखेर तीच खरवडून काढशील!

राक्षस मोठा असेल तर बैठक ५० मिमी, म्हणजे चार चौकटी.

थरावर थर

एवढं मळत-कापत बसण्यापेक्षा थ्रीडी प्रिंटर का नाही घेत कुणी? फाइल उतरवा, रात्री लावा, सकाळी तयार.

मृण्मयी

@थरावर थर, घ्या की. पण तुमच्या सकाळी तयार झालेल्या मूर्तीने पागोटं घातलंय का? फाइलींमध्ये मला शिंगांची शिरस्त्राणं दिसतात फक्त.

थरावर थर

:) हे बरोबर आहे, तयार फाइलींत आपल्याकडचं फार कमी. तरी प्रामाणिकपणे सांगतो. तारेसारखं प्लॅस्टिक वितळवणारा प्रिंटर टेरेनला बरा, मूर्तीला नाही, चेहऱ्यावर थरांच्या रेघा दिसतात. मूर्तीला रेझिनचा प्रिंटर. पण त्याचं कौतुक करणारे धुण्याचं सांगत नाहीत. प्रत्येक मूर्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, मग अतिनील दिव्याखाली पक्की करा. कच्चं रेझिन कातडीला लागता कामा नये, नायट्राइलचे हातमोजे हवेतच. धुतलेलं अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही. वन बीएचकेत, स्वयंपाकघराच्या शेजारी हे काम करू नका. मी गच्चीवरच्या खोलीत ठेवलाय.

आणि कडा तर प्रिंट करूच नका. सहा इंचाचा तुकडा व्हायला अख्खी रात्र जाते, फोमचा चहा गार व्हायच्या आत होतो.

तिरपागडा

कड्यावर हळीव पेरता येईल का? दिवाळीच्या किल्ल्यावर चार दिवसांत हिरवंगार होतं.

मखरदादा

पेरा, आणि पाचव्या दिवशी पुठ्ठा फुगला की इथे येऊन रडा.

हिरवळ अशी करा. सुताराकडून लाकडाचा भुसा आणा, चाळा. बारीक तो गवताला, जाडा तो झुडपाला. पाण्यात कालवलेल्या अॅक्रिलिक रंगात बुडवून वर्तमानपत्रावर सुकवा. दोन-तीन हिरवे आणि एक पिवळसर असे वेगवेगळे रंगवा आणि मग मिसळा. एकच हिरवा टाकला की प्लॅस्टिकचा गालिचा दिसतो. वाळलेलं उंच गवत म्हणजे नारळाचा काथ्या, छोटे झुबके करून फेविकॉलमध्ये उभे करा. झाडाखालचा पाचोळा म्हणून वापरलेली चहाची पूड चालते, पण उन्हात कडकडीत वाळवा, ओलसर राहिली की बुरशी. झाडांना घोसाळ्याची वाळलेली जाळी फाडून वापरा. मातीला रांगोळी उत्तम, तपकिरी छटा मिळतात, आणि पांढरी रांगोळी पायवाटेवर चिमटीने सोडली तर धूळ दिसते.

एक विसरलो. घरची मैद्याची खळ वापरणार असाल तर झुरळं आणि कसर लागणार. पूर्वी बाइंडर लोक त्यात मोरचूद टाकत. ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर नको. सरळ फेविकॉल वापरा.

राईनकाठी

आमच्या आजीच्या लगद्याच्या टोपल्यांमध्ये मेथीची पूड असायची, कीड लागू नये म्हणून. लगद्याचे खडक करून बघतो आता. इकडे मेथी मिळते, आजी नाही.

कट्ट्यावरचा डीएम

बरं, हरलो. एक बुरूज करून बघतो. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. ठेवायचं कुठे?

बुरूजबंद

मीच शोधलं थोडंफार. माप आधी खोक्याचं घ्या, मग टेरेनचं. मी बुटांच्या मोठ्या खोक्यात मावतील एवढेच तुकडे करतोय. कडे पोकळ ठेवले, म्हणजे बुरूज कड्याच्या पोटात जातो आणि लहान तुकडे बुरुजाच्या पोटात. तटाच्या तुकड्यांना आणि बुरुजांना तळाशी छोटी चुंबकं बसवली, कड्याच्या माथ्यावर पत्र्याचे वॉशर पुरले. मांडल्यावर धक्का लागला तरी तट सरकत नाही, आणि आवरताना अलगद सुटतो. चुंबक चिकटवताना बाजू तपासून मग चिकटवा, नाहीतर बुरूज तटाला दूर ढकलतो. फोमवर फेविक्विकचा मोह टाळा, काही फोमला ते खातं आणि सांधा ठिसूळ होतो. एपॉक्सी वापरा.

राजगडाच्या संजीवनी माचीसारखा दुहेरी तट करायचाय अजून. आतल्या बोळात हात जाणार नाही हे आता कळलं, म्हणून आतली भिंत उचलून बाजूला ठेवता येईल अशी करतोय. मागच्या बाजूला चोर दिंडी (छुपा छोटा दरवाजा) ठेवली आहे, काथ्याच्या गवताने पूर्ण झाकलेली. समोरून दोन इंचांवर डोळा नेला तरी दिसत नाही. गोमुखीत अडकले की बघू कुणाला सुचते.

ढालवाली

मागच्या बाजूला, काथ्याच्या गवताआड. नोंद केली. रविवारी आम्ही दोर घेऊन मागूनच येतो.

बुरूजबंद

तू इथे कधीपासून सदस्य आहेस?!

ढालवाली

फोटो बघायला आले होते. फोटो नव्हतेच, वाचावं लागलं.

तिरपागडा

=)) =))

बुरूजबंद

सगळे तुकडे चुंबकावर आहेत हे विसरू नकोस. दिंडी रविवारपर्यंत कुठेही असू शकते. फोटो रविवारनंतर टाकतो.